मतपरिवर्तनाची भाषा : अमेरिकेतील पक्षीय ध्रुवीकरणाच्या संदर्भात एक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

राजकीय पुढाऱ्याने एखाद्या महत्त्वाच्या प्रश्नावरील आपली जुनी भूमिका सोडून नवी स्वीकारली, की दोन प्रकारचे शब्द कानी पडू लागतात. विरोधक तिला घूमजाव, कोलांटउडी, टोपी फिरवणे अशी नावे देतात. सरड्याची उपमाही अशा वेळी हटकून आठवते. अनुयायी मात्र त्याच कृतीस पुनर्विचार किंवा मतपरिवर्तन म्हणतात, आणि उत्साहाच्या भरात हृदयपरिवर्तनही म्हणतात. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे’ या म्हणीत जो न्याय सांगितला आहे, तोच येथे शब्दांच्या निवडीत उतरलेला असतो. कृती एकच, परंतु तिचे नाव ती कोणी केली यावर ठरते.

नावांतील हा भेद सहज लक्षात येतो. त्याहून सूक्ष्म आणि अधिक महत्त्वाचा भेद वाक्यरचनेत दडलेला असतो. मराठीतील ‘बदलणे’ हे क्रियापद सकर्मकही आहे आणि अकर्मकही. ‘नेत्याने मत बदलले’ आणि ‘नेत्याचे मत बदलले’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. दोहोंत क्रियापदाचे रूपही तेच आहे. फरक केवळ ‘ने’ आणि ‘चे’ या दोन प्रत्ययांचा. पहिल्या वाक्यात नेता कर्ता आहे. त्याने काही केले आहे, आणि ते का केले हे त्याला विचारता येते. दुसऱ्या वाक्यात कर्त्याचे स्थान मताकडे गेले आहे; नेता केवळ त्या मताचा धनी उरला आहे. ऋतू बदलावा तसे मत बदलले. त्याचा जाब कोणाला विचारावयाचा?

प्रस्तुत लेखात या भेदाचा विचार एका विशिष्ट राजकीय परिस्थितीच्या अनुषंगाने करावयाचा आहे. गेल्या अर्धशतकात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पक्षीय ध्रुवीकरण वाढत गेले, आणि त्याच काळात तेथील अनेक पुढाऱ्यांनी गर्भपाताच्या प्रश्नावर आपल्या भूमिका बदलल्या. त्या बदलांची दिशा कोणती होती, आणि त्यांची कारणे त्या पुढाऱ्यांनी कोणत्या शब्दांत सांगितली, या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या असता त्यांतील विसंगती मोठी बोधप्रद ठरते.

२. ध्रुवीकरण आणि विभागणी

‘ध्रुवीकरण’ हा शब्द मराठीत प्रथम भौतिकशास्त्राच्या परिभाषेतून परिचित झाला व पुढे राजकारणात रूढ झाला. राजकीय अर्थाने त्याचा वापर करताना दोन निरनिराळ्या प्रक्रिया एकमेकींत मिसळण्याचा संभव असतो. माणसांची मतेच दोन टोकांकडे सरकली, तर ते खरे ध्रुवीकरण होय. मते होती तशीच राहिली, परंतु पूर्वी दोन्ही पक्षांत विखुरलेले समान मताचे लोक एकाच पक्षात एकत्र आले, तर ती पक्षवार विभागणी होय. घरातील तांदूळ आणि डाळ पूर्वी दोन डब्यांत मिसळून ठेवलेली असावी, आणि नंतर ती निवडून एका डब्यात तांदूळ व दुसऱ्यात डाळ भरावी, असा हा प्रकार आहे. दाणे तेच, डबे मात्र आता एकमेकांहून अगदी वेगळे दिसतात. मॅथ्यू लेव्हेंडस्की यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अमेरिकन मतदारांच्या बाबतीत या दुसऱ्या प्रक्रियेचे सविस्तर विवेचन केले आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील स्थिती आजच्या उलट होती. १९५० साली तेथील राज्यशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेच्या एका समितीने अहवाल प्रसिद्ध केला. दोन प्रमुख पक्ष मतदारांपुढे पुरेसे स्पष्ट व वेगळे पर्याय ठेवीत नाहीत, ही त्यातील मुख्य तक्रार होती. दक्षिणेतील सनातनी आणि उत्तरेतील सुधारणावादी एकाच डेमोक्रॅटिक पक्षात नांदत होते. रिपब्लिकन पक्षातही उदारमतवाद्यांचा मोठा गट होता.

गर्भपाताच्या प्रश्नावर हे मिश्रण विशेष ठळक होते. रो विरुद्ध वेड या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने २२ जानेवारी १९७३ रोजी सात विरुद्ध दोन अशा बहुमताने गर्भपाताचा अधिकार घटनात्मक ठरवला. त्या सात न्यायाधीशांपैकी पाच जणांची नेमणूक रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी केलेली होती. विरोधी मत देणाऱ्या दोघांपैकी एकाची नेमणूक डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी केली होती, तर दुसऱ्याची रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी. पक्षावरून मत ओळखावे, अशी सोय त्या काळी नव्हती. कॅथलिक मतदार परंपरेने डेमोक्रॅटिक पक्षाकडे होते आणि त्यांच्या धर्मपीठाचा गर्भपातास विरोध होता; उलट कुटुंबनियोजनाचा पुरस्कार करणारे अनेक सुखवस्तू प्रॉटेस्टंट रिपब्लिकन पक्षात होते.

पुढील चाळीस वर्षांत काय घडले, हे सिनेटमधील दोन मतदानांच्या तुलनेवरून स्पष्ट होते. २८ जून १९८३ रोजी रो निकाल निष्प्रभ करू पाहणारी एक घटनादुरुस्ती सिनेटपुढे मतास आली. ती मांडणारे हॅच हे रिपब्लिकन होते आणि ईगल्टन हे डेमोक्रॅट होते. दुरुस्तीच्या बाजूने ४९ आणि विरुद्ध ५० मते पडली. बाजूच्या मतांपैकी ३४ रिपब्लिकन व १५ डेमोक्रॅटिक होती. विरोधी मतांपैकी १९ रिपब्लिकन व ३१ डेमोक्रॅटिक होती. म्हणजे दोन्ही पक्षांतील सुमारे एकतृतीयांश सभासद आपापल्या पक्षाच्या बहुसंख्येविरुद्ध उभे होते. आता ११ मे २०२२ चे मतदान पाहावे. गर्भपाताचा अधिकार कायद्याने सुरक्षित करणारे विधेयक पुढे चालवावे की नाही, असा तेव्हा प्रश्न होता. ते ४९ विरुद्ध ५१ मतांनी अडले. सर्व ५० रिपब्लिकन एका बाजूस होते आणि दुसऱ्या बाजूकडून फक्त एक डेमोक्रॅट, मँचिन, त्यांना जाऊन मिळाला. गर्भपात कायदेशीर असावा असे मानणाऱ्या कॉलिन्स आणि मर्कौस्की या दोन रिपब्लिकन सभासदांनीही, विधेयक मर्यादेबाहेर जाते या कारणास्तव, आपल्या पक्षाबरोबरच मत दिले. चाळीस वर्षांपूर्वी पक्षापक्षांच्या आतून जाणारी भेदरेषा आता जवळजवळ नेमकी दोन पक्षांच्या मधून जाऊ लागली होती.

३. व्यक्तींची वाटचाल

ही रेषा सरकत असताना तिच्या चुकीच्या बाजूस सापडलेल्या पुढाऱ्यांनी काय केले? काही ठळक उदाहरणे घेणे इष्ट होईल.

रोनाल्ड रेगन यांनी कॅलिफोर्नियाचे राज्यपाल असताना १९६७ मध्ये गर्भपातावरील निर्बंध शिथिल करणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. पुढे ते गर्भपातविरोधी पक्षाचे राष्ट्रीय नेते झाले आणि राष्ट्राध्यक्षपदी असताना १९८३ मध्ये त्यांनी या विषयावर आवर्जून निबंध लिहिला. जॉर्ज बुश (ज्येष्ठ) हे काँग्रेसचे सभासद असताना कुटुंबनियोजनाचे उत्साही पुरस्कर्ते होते, आणि १९८० च्या उमेदवारीच्या शर्यतीत त्यांनी गर्भपातविरोधी घटनादुरुस्तीस विरोध दर्शवला होता. त्याच वर्षी रेगन यांच्याबरोबर उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारताना त्यांनी पक्षाची भूमिका मान्य केली, व पुढे ती स्वतःची म्हणून चालवली. मिट रॉम्नी यांनी १९९४ मध्ये सिनेटची आणि २००२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या राज्यपालपदाची निवडणूक लढवताना गर्भपाताचा अधिकार अबाधित ठेवण्याचे आश्वासन दिले. २००५ मध्ये एका वृत्तपत्रीय लेखाद्वारे त्यांनी आपण गर्भपातविरोधी असल्याचे जाहीर केले. डोनाल्ड ट्रम्प यांनी १९९९ मध्ये दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत स्वतःस गर्भपाताच्या अधिकाराचे समर्थक म्हणवले होते. २०११ मध्ये ते विरोधक म्हणून पुढे आले.

दुसऱ्या पक्षातही हीच वाटचाल उलट दिशेने झाली. रिचर्ड गेपहार्ट यांनी काँग्रेसमधील आपल्या आरंभीच्या काळात गर्भपातविरोधी घटनादुरुस्तीचा पुरस्कार केला होता. १९८८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीपूर्वी, १९८६ मध्ये त्यांनी तो सोडला. अल् गोर यांनी १९८४ मध्ये प्रतिनिधिगृहात गर्भास ‘व्यक्ती’ मानणाऱ्या एका दुरुस्तीच्या बाजूने मत दिले होते; १९९२ मध्ये ते गर्भपाताच्या अधिकाराचे समर्थक म्हणून उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभे होते. जो बायडन यांनी १९७४ मध्ये रो निकाल फार पुढे गेल्याचे मत व्यक्त केले होते. १९८२ मध्ये सिनेटच्या न्यायविषयक समितीत त्यांनी राज्यांना निर्बंधाचा अधिकार देऊ पाहणाऱ्या घटनादुरुस्तीच्या बाजूने मत दिले. १९८३ मध्ये सभागृहात घटनादुरुस्तीच्या विरुद्ध दिले. गर्भपातासाठी संघराज्याचा पैसा वापरण्यास प्रतिबंध करणाऱ्या, १९७६ पासून चालत आलेल्या हाइड तरतुदीस त्यांचा पाठिंबा मात्र दीर्घकाळ टिकला. डेमोक्रॅटिक पक्षाने २०१६ च्या जाहीरनाम्यात ही तरतूद रद्द करण्याची मागणी केली. ५ जून २०१९ पर्यंत बायडन यांची उमेदवारी त्या तरतुदीच्या बाजूने होती. ६ जून रोजी त्यांनी ती भूमिका सोडली.

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येक जण आपल्या पक्षाच्या दिशेने सरकला. रिपब्लिकन पुढारी समर्थनाकडून विरोधाकडे गेले, डेमोक्रॅटिक पुढारी विरोधाकडून समर्थनाकडे. काळाच्या ओघाने, विज्ञानाच्या प्रगतीने अथवा समाजाच्या अनुभवाने मते बदलली असती, तर दोन्ही पक्षांतील माणसे साधारणतः एकाच दिशेने सरकली असती. येथे मात्र एकाच काळात, एकाच देशात, एकाच प्रश्नावर दोन प्रवाह परस्परविरुद्ध दिशांना वाहिले. यावरून या बदलांमागे पक्ष हे एक प्रबळ कारण होते, असा निष्कर्ष काढावा लागतो.

४. पक्षाचा ओढा कोठून येतो?

येथे एक आक्षेप संभवतो. कीथ पूल आणि हॉवर्ड रोझेंथाल यांनी काँग्रेसमधील मतदानांचा दीर्घकालीन अभ्यास करून असे दाखवले आहे, की बहुतेक सभासद आपल्या कारकिर्दीत एकंदर विचारसरणी फारशी बदलत नाहीत. ध्रुवीकरण मुख्यतः जुने सभासद जाऊन नवे आल्याने घडते. हा निष्कर्ष एकंदर विचारसरणीपुरता ग्राह्य आहे. परंतु एकेक प्रश्न सुटा घेतला म्हणजे चित्र पालटते. डेव्हिड कॅरल यांनी २००९ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे, की विशिष्ट प्रश्नांवर पदावरील सभासदांनी स्वतः भूमिका बदलण्याचे प्रमाणही लक्षणीय असते, आणि ज्या गटांच्या आधारावर पक्ष उभा आहे त्यांचा सांभाळ करण्याच्या गरजेतून हे घडते. गर्भपाताच्या प्रश्नापुरते पाहता, ग्रेग अ‍ॅडम्स यांच्या १९९७ मधील अभ्यासात बदलाचा क्रमही दिसतो : आधी पुढारी विभागले गेले, आणि सामान्य मतदार त्यांच्या मागोमाग हळूहळू विभागले गेले.

ओढ्याचे यंत्र समजण्यास कठीण नाही. १९६८ नंतर झालेल्या सुधारणांमुळे राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीचा निर्णय पक्षश्रेष्ठींच्या हातून निघून प्राथमिक निवडणुकांकडे गेला. अशा निवडणुकांत भाग घेणारा मतदार सामान्य मतदाराहून अधिक आग्रही असतो. १९७० च्या दशकात स्त्रीमुक्तीची चळवळ डेमोक्रॅटिक पक्षाशी जोडली गेली. त्याच दशकाच्या अखेरीस सनातनी ख्रिस्ती संघटना रिपब्लिकन पक्षाशी जोडल्या गेल्या. १९७६ मध्ये दोन्ही पक्षांच्या राष्ट्रीय जाहीरनाम्यांत गर्भपाताचा उल्लेख प्रथमच आला, आणि तेव्हा दोघांचीही भाषा सावध होती. रिपब्लिकन जाहीरनाम्याने तर पक्षांतर्गत मतभेद मोकळेपणाने मान्य केला होता. पुढे ही सावध भाषा ओसरत गेली. डेमोक्रॅटिक बाजूस बिल क्लिंटन यांनी १९९२ मध्ये गर्भपात सुरक्षित, कायदेशीर आणि विरळा असावा अशी त्रिपदी रूढ केली होती. २००४ च्या जाहीरनाम्यात ती होती. २००८ च्या जाहीरनाम्यातून ‘विरळा’ हे विशेषण गळले. एका विशेषणाचे गळणे हेही भूमिकेचे सरकणेच होय. किंबहुना पक्षाचे सरकणे बहुधा अशाच लहान शब्दांत प्रथम दिसते.

ज्यांनी सरकण्यास नकार दिला त्यांना किंमत मोजावी लागली. पेनसिल्व्हेनियाचे डेमोक्रॅटिक राज्यपाल रॉबर्ट केसी हे गर्भपातविरोधी राहिले. १९९२ च्या पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात त्यांना भाषणाची संधी मिळाली नाही.

५. स्पष्टीकरणाचे व्याकरण

आता या पुढाऱ्यांनी स्वतःच्या मतपरिवर्तनाची जी कारणे सांगितली त्यांकडे वळता येईल. रचनेच्या दृष्टीने त्यांचे तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग उत्क्रांतीचा. बुश यांनी १९८८ च्या निवडणुकीत आपले मत ‘उत्क्रांत’ झाल्याचे सांगितले. समलिंगी विवाहाच्या वेगळ्या प्रश्नावर बराक ओबामा यांनी २०१० मध्ये याच क्रियापदाचा आश्रय घेतला, आणि मे २०१२ मध्ये समर्थन जाहीर केले. या क्रियापदाचे दोन गुण राजकीय पुढाऱ्यास सोयीचे आहेत. एक म्हणजे ते या अर्थी अकर्मकच वापरले जाते. ‘बदलणे’ या धातूस निदान सकर्मक रूप आहे. ‘उत्क्रांत होणे’ यास ते नाही. मत उत्क्रांत होते. ते कोणी उत्क्रांत करत नाही. दुसरे म्हणजे, जीवशास्त्रातून येताना या शब्दाने सावकाश आणि वरच्या पायरीकडे जाण्याचा ध्वनी सोबत आणला आहे. शास्त्रीय अर्थाने उत्क्रांतीस वरची पायरी नसते. पण लौकिक अर्थाने असते, आणि भाषणात तोच अर्थ कामी येतो.

दुसरा वर्ग उपरतीचा. रॉम्नी यांनी मूलपेशींच्या संशोधनाचा प्रश्न राज्यापुढे आला असता या विषयाचे गांभीर्य आपल्याला जाणवले, असे सांगितले. ट्रम्प यांनी परिचितांच्या घरी नको असताना जन्मलेल्या व पुढे सर्वांस प्रिय झालेल्या एका अपत्याची हकीकत सांगितली. धर्मांतराच्या कथांशी या निवेदनांचे साम्य उघड आहे : आधीचा अंधार, एक निर्णायक क्षण, नंतरचा प्रकाश. मराठीत अशा अनुभवासाठी ‘मला जाणवले’, ‘मला पटले’, ‘मला कळून चुकले’ अशा रचना येतात, आणि त्या सर्वांत अनुभवणारी व्यक्ती चतुर्थी विभक्तीत असते. ‘मी ठरवले’ आणि ‘मला पटले’ यांतील अंतर मराठी भाषकास उपजतच कळते. पहिल्यात बोलणारा निर्णय घेतो. दुसऱ्यात सत्य त्याच्याकडे चालून येते.

तिसरा वर्ग परिस्थितीचा. १९६७ च्या कायद्यातील मानसिक आरोग्याच्या कलमाचा इतका सैल अर्थ लावला जाईल याची आपल्याला कल्पना नव्हती, असे रेगन यांचे म्हणणे होते. अनेक राज्यांत गर्भपातावर नवे कठोर निर्बंध येत असल्याने जुनी भूमिका चालू ठेवणे शक्य नाही, असे बायडन यांनी २०१९ मध्ये सांगितले. येथे वाक्याचा कर्ता परिस्थिती असते : काळ बदलला, कायदे बदलले, वस्तुस्थिती उघड झाली. पुढारी जागच्या जागी राहिला. जमीन त्याच्या पायाखालून सरकली.

या तिन्ही वर्गांत खोटेपणा असतोच, असे मुळीच नाही. बायडन यांनी निर्देशिलेले निर्बंध खरोखरच येत होते. रेगन यांच्या राज्यात त्या कलमाखाली होणाऱ्या गर्भपातांची संख्या खरोखरच फार वाढली होती. तथापि तिन्ही रचना एकत्र पाहिल्या म्हणजे एक रिक्त स्थान डोळ्यांत भरते. पहिलीत मत कर्ता आहे, दुसरीत सत्य, तिसरीत परिस्थिती. पक्ष कोठेच नाही. ‘माझ्या पक्षाच्या मतदारांस ही भूमिका मान्य नसल्याने मी ती सोडली’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या सरळ आहे, आणि वर सांगितलेल्या दिशांवरून पाहता बहुतेकांच्या बाबतीत निदान अंशतः खरेही असावे. परंतु ते उच्चारले जात नाही. ज्या कारणाची साक्ष मतांची दिशा देते, तेच कारण स्पष्टीकरणाच्या वाक्यरचनेतून नेमके वगळले जाते.

याचे कारण ध्रुवीकरणातच शोधले पाहिजे. दोन पक्षांतील अंतर जसे वाढते, तसा प्रत्येक प्रश्न धोरणाचा न राहता निष्ठेचा व नीतीचा होतो. धोरणाबाबत तडजोड करता येते आणि ती उघड सांगताही येते. नीतीबाबत तडजोड केली असे सांगणे म्हणजे ती नीती नव्हतीच असे कबूल करणे होय. म्हणून ध्रुवीकरण पुढाऱ्यास एकाच वेळी दोन परस्परविरोधी आज्ञा करते : पक्षाबरोबर सरक, आणि कधीच सरकला नाहीस असा दिस. अकर्मक क्रियापद या दोन्ही आज्ञा एका वाक्यात पाळते.

६. आरोपाचा शब्द

आरोप करणाऱ्यांची भाषाही याच कसोटीवर तपासली पाहिजे. अमेरिकन इंग्रजीत यासाठी ‘फ्लिप-फ्लॉप’ हा शब्द रूढ आहे. स्वर बदलून केलेली ही द्विरुक्ती आहे, आणि अशा द्विरुक्त शब्दांत बहुधा पुनःपुन्हा इकडून तिकडे होणाऱ्या हालचालीचा ध्वनी असतो. मराठीतील ‘तळ्यात-मळ्यात’ हा मुलांच्या खेळातून आलेला प्रयोग जवळपास तेच काम करतो. २००४ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत जॉन केरी यांच्यावर या शब्दाचा भडिमार झाला. युद्धखर्चासाठी ८७ अब्ज डॉलर देणाऱ्या विधेयकाच्या विरुद्ध मत देण्यापूर्वी आपण त्याच्या बाजूनेही मत दिले होते, असे ते एका सभेत बोलून गेले. श्रीमंतांवरील करसवलत कमी करून हा खर्च भागवावा, अशी दुरुस्ती त्यांना मान्य होती व ती नसलेले विधेयक अमान्य होते, हा खुलासा त्या एका वाक्यापुढे टिकला नाही. रिपब्लिकन अधिवेशनात प्रतिनिधींनी याच नावाच्या चपला हवेत फडकवल्या.

परंतु वर दिलेल्या उदाहरणांपैकी बहुतेकांस हा शब्द लागूच पडत नाही. बुश, गोर, गेपहार्ट, रॉम्नी यांचे सार्वजनिक जीवनातील सरकणे इकडून तिकडे हेलकावणारे नव्हते. ते एका दिशेने झाले, व तेथेच स्थिरावले. म्हणजे आरोपाचा शब्द चंचलतेचा, तर प्रत्यक्ष घटना अनुकूलनाची. चंचलता हा व्यक्तीचा दोष होय. अनुकूलन हे व्यवस्थेचे लक्षण होय. एकीकडे पुढारी अकर्मक रचनेने पक्षाचे नाव लपवतो. दुसरीकडे विरोधक चंचलतेचा आरोप करून दोष व्यक्तीच्या स्वभावाकडे ढकलतो. दोघांच्याही वाक्यांतून पक्ष सुखरूप निसटतो.

पक्षाचा ओढा नेहमी एकाच दिशेला असतो असेही नाही. २४ जून २०२२ रोजी डॉब्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रो निकाल रद्द केला, आणि त्यानंतर ऑगस्टमध्ये परंपरेने रिपब्लिकन असलेल्या कॅन्सस राज्यातील मतदारांनी गर्भपातविरोधी घटनादुरुस्ती स्पष्ट बहुमताने फेटाळली. यानंतर ८ एप्रिल २०२४ रोजी ट्रम्प यांनी हा प्रश्न राज्यांवर सोपवावा असे जाहीर केले, आणि त्या वर्षीच्या रिपब्लिकन जाहीरनाम्यातून राष्ट्रव्यापी घटनादुरुस्तीची जुनी मागणी गळाली. प्राथमिक निवडणुकीचा ओढा आणि सार्वत्रिक निवडणुकीचा ओढा यांची दिशा वेगळी झाली, की पक्षालाही सरकावे लागते.

७. पक्षांतर आणि मतपरिवर्तन

मराठी वाचकास या विषयाचा परिचय प्रामुख्याने ‘पक्षांतर’ या शब्दातून असतो. संस्कृतात समासाच्या उत्तरपदी येणाऱ्या ‘अंतर’ शब्दाचा अर्थ ‘दुसरा’ असा होतो; देशांतर म्हणजे दुसरा देश. मराठीत भाषांतर, धर्मांतर, पक्षांतर या शब्दांस क्रियेचा अर्थ प्राप्त झाला : दुसऱ्या भाषेत, धर्मात अथवा पक्षात जाणे. ‘मतांतर’ मात्र अद्याप ‘दुसरे मत’ किंवा ‘मतभेद’ याच अर्थी राहिले आहे.

भारतातील राजकीय अनुभवही असाच आहे. १९६७ मध्ये हरियाणात गयालाल या आमदाराने अल्पावधीत अनेकदा पक्ष बदलल्यापासून ‘आयाराम-गयाराम’ हा प्रयोग सर्वतोमुखी झाला. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आणली. पक्ष सोडणाऱ्या अथवा पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या सभासदाचे सभासदत्व तिच्यान्वये रद्द होऊ शकते. अमेरिकेत असा कायदा नाही. तेथील सभासद पक्षाविरुद्ध मत देऊनही सभागृहात राहू शकतो. म्हणून तेथे त्याचे प्रत्येक मत त्याचे स्वतःचे मानले जाते व त्याची नोंद त्याच्या नावावर राहते. भारतात पक्षादेशाखाली दिलेले मत पक्षाचे असते. व्यक्तीला वेगळे व्हावयाचे तर बहुधा पक्षच सोडावा लागतो. यामुळे आपल्याकडे चर्चा पुढारी कोठे गेला याची होते. तो काय मानतो व ते केव्हापासून मानतो, हा प्रश्न मागे पडतो. अमेरिकेतील उदाहरणे आपल्याला उपयुक्त ठरतात ती याच कारणाने : तेथे माणूस जागेवरून न हलता मत हलते, आणि म्हणून मताच्या हलण्याचा स्वतंत्र अभ्यास करता येतो.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून प्रत्येक मतपरिवर्तन संशयास्पद मानावे, असा अर्थ काढणे चुकीचे होईल. लोकशाहीतील चर्चेचा पायाच असा आहे, की युक्तिवादाने माणसाचे मत बदलू शकते. मत बदलणारा प्रत्येक जण चंचल ठरू लागला, तर शहाणा पुढारी मत बदलणार नाही. तो ऐकणेही सोडून देईल. तसेच पक्षाबरोबर सरकलेला माणूस अप्रामाणिकच असतो, असेही नाही. ज्यांच्या सहवासात तो वावरतो त्यांचे म्हणणे त्याला खरोखर पटलेले असू शकते. अंतःकरणातील हेतूचा निर्णय भाषाशास्त्राच्या आवाक्यातील नव्हे.

भाषेच्या अभ्यासाने इतकेच निश्चित सांगता येते, की स्पष्टीकरणाचे शब्द हा प्रामाणिकपणाचा पुरावा नव्हे, आणि अप्रामाणिकपणाचाही नव्हे. पटलेला आणि न पटलेला, दोघेही तेच अकर्मक क्रियापद वापरतात. म्हणून निर्णय शब्दांबाहेरील गोष्टींवर ठेवला पाहिजे. बदलाची दिशा पक्षाकडे होती की पक्षापासून दूर? तो उमेदवारीच्या तोंडावर झाला की एरवी? त्याची काही किंमत मोजावी लागली काय? आणि बदलानंतरची कृती नव्या मताशी सातत्याने जुळते काय? ओहायोचे रिपब्लिकन सिनेटर रॉब पोर्टमन यांनी मार्च २०१३ मध्ये, आपला मुलगा समलिंगी असल्याचे कळल्यानंतर, समलिंगी विवाहास पाठिंबा जाहीर केला. त्यांचा पक्ष तेव्हा विरोधात होता. दिशा पक्षापासून दूर, कारण स्पष्ट, आणि लाभ अनिश्चित. अशा बदलास वेगळे वजन द्यावे लागते.

वृत्तपत्राच्या वाचकास याहून सोपी एक कसोटी रोज लावता येईल. एखाद्या पुढाऱ्याचे मत बदलल्याची वार्ता वाचताना त्या वाक्यातील ‘चे’ काढून तेथे ‘ने’ घालून पाहावा, आणि मग त्यापुढे ‘कोणासाठी’ हा प्रश्न जोडावा. वाक्याने लपवलेला कर्ता बहुधा तेथेच सापडतो.